कुरखेड्याचा जादा रकाना

नागभीड स्टेशनच्या बाकावर प्रफुल लॅपटॉपशी भांडत बसला होता, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "गावागावाचा माल वेगळा, अन् तुमी नावं आधीच बांधून काऊन ठेवता?"

त्यानं चमकून पाहिलं. ओढणीचं टोक दातात धरून एक मुलगी बिनदिक्कत त्याच्या स्क्रीनवर डोकावत होती. ही दिव्यानी, कॉम्प्युटर शिकलेली, कुरखेड्याच्या वनोपज केंद्रात नोंदी भरणारी. आणि प्रफुल चंद्रपुरात बसून त्याच नोंदींचा प्रोग्राम लिहिणारा. एका गावाचा मोह, दुसऱ्याचा हिरडा, तिसऱ्याची चारोळी... आणि याच्या प्रोग्राममधलं फंक्शन ठरलेली नावंच घेई, नवं आलं की अडून बसे.

"फंक्शनमंधी नावाच्या जागी दोन फुल्या, डबल स्टार लावा ना," ती म्हणाली. "रकान्याचं जे नाव असंन, त्याच नावानं माल आत जाईन. कोनतंबी येऊ द्या."

"कोनालेबी येऊ द्यायचं?"

"मालाचं बोलून राह्यली मी!" ती लाजली, पण बाकावरून उठली नाही.

मग काय! रोज तिची पत्रकं येत, रोज याचा फोन जाई. "तुमची पत्रकं मी अक्षर न् अक्षर वाचतो," अशी फुशारकीही त्यानं मारली. खरं तर एकही उघडत नसे. फंक्शन सगळं पोटात घेई, ओळखीची नावं वापरी, अनोळखी मुकाट बाजूला टाकी. "उरलेलं छापून पाह्यत जा," असं दिव्यानीनं बजावलं होतं. "हो हो," म्हणाला पठ्ठ्या... आणि केलं काहीच नाही. आळस, दुसरं काय!

एप्रिलमध्ये ती फोनवर तुटक बोलू लागली. यानं फोन केला की, "कामात हाये," एवढंच. प्रफुलची स्वारी रुसली. तिचंच मन नसेल म्हणून गप्प बसली.

जूनमध्ये एका गावाचा डिंक नोंदीत दिसेना, तेव्हा कुठे त्यानं उरलेलं छापलं. डिंक सापडला. त्याच्याखाली कुरखेड्याचं जुनं पत्रक, आणि त्यात एक जादा रकाना — 'प्रफुलसाठी'.

"रविवारी मले पाह्याले पाहुने येऊन राह्यले. तुमी हो म्हनत असान, तर मी त्याईले नाई म्हनते."

तारीख दोन महिन्यांपूर्वीची. त्यानं लगेच फोन लावला.

"दिव्यानी, फोनवर काऊन नाई विचारलं?"

"तोंडानं कसं विचारू? अन् तुमी वाचता म्हनले होते ना..." ती म्हणाली. "माहं लगन झालं. पंधरा दिवस झाले."

"मी वाचलंच नव्हतं. खोटं बोललो होतो... हो म्हनलो असतो मी, दिव्यानी! धावत आलो असतो."



"मले वाटलं, तुमी वाचलं अन् गप्प राह्यले," ती हळूच म्हणाली. "म्हनूनच तर मी त्याईले हो म्हनली."

फोन तिनंच ठेवला.