त्रेचाळीस टाके

आमच्या आईचा दोनदा बघण्यावर फार विश्वास आहे. कुलूप लावलं की ओढून बघते आणि चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढते. दादा म्हणतो, लग्नाच्या वेळी बाबांनाही ती दोनदा बघून आली असणार. अशा आईने आयुष्यात एकच गोष्ट दोनदा बघितली नाही. ती कुणी दाखवून दिली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तरी सांगते.

आई क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आमचं गाव कोपऱ्यातलं. नदी ओलांडली की एक देश, डोंगर ओलांडला की दुसरा. माणसांना पलीकडे जायला कागद लागतात, जंतूंना लागत नाहीत. त्यामुळे तिन्ही देशांतल्या रुग्णांचे नमुने आईच्या टेबलावर येतात. क्षयाचा जंतू इथूनतिथून एकच, असं मला वाटायचं. छे! त्याचीही घराणी असतात. जंतूच्या आतल्या खुणांची एक पट्टी निघते. ओळीने त्रेचाळीस चौकोन, काही काळे, काही कोरे. ही पट्टी म्हणजे त्याचं आडनाव. नेहमी नाही, पण बऱ्याचदा एका आडनावाचे जंतू एकाच चालीचे निघतात. काही औषधांना दाद देतात, काहींना हिंग लावून विचारत नाहीत. आईच्या मोठ्या वहीत ही सगळी आडनावं आहेत. नदीपलीकडची लाल शाईत, डोंगरापलीकडची निळ्या, आमची हिरव्या.

एका मोठ्या फिल्मवर बऱ्याच रुग्णांच्या पट्ट्या एकदम उमटतात. आई त्या एकेक कापते, कार्डावर चिकटवते आणि कार्डाचा एक कोपरा छाटते. छाटलेला कोपरा म्हणजे सुरुवात. मग एकाने मोठ्याने वाचायचं, "आहे, आहे, नाही, आहे," आणि दुसऱ्याने लिहायचं. आईची जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि सुट्टीत हे वाचायचं काम माझ्याकडे आलं. जंतूंच्या खोलीत मला सक्त बंदी. मी कागदांच्या खोलीत.

गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायचे. आणि आता? पहिल्याच आठवड्यात माझा आवाज जिन्यापर्यंत जायला लागला. दादाने माझं नाव ठेवलं, लाउडस्पीकर.

दादा एकोणीस वर्षांचा. व्हॉलीबॉलमध्ये त्याची उडी बघायला लोक थांबायचे. चार महिन्यांपूर्वी त्याला क्षय झाला. त्या दिवसापासून तो सगळ्या गोळ्या वेळेवर घेत होता, तरी वजन घटतच होतं. आता तो जिन्यात दोनदा थांबायचा आणि थांबलाय हे कळू नये म्हणून चप्पल नीट करायचा. कुठलं औषध लागू पडेल हे बघायला जंतू वाढवावे लागतात, पण दोन्ही वेळा त्यात बुरशी शिरली. तिसऱ्यांदा करायचं तर आणखी सहा आठवडे.

"इतके दिवस आपल्या हातात नाहीत," डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. "सोमवारी मला औषधं बदलावीच लागतील. निदान जंतूचं घराणं कळलं तर अंधारात तीर मारायला नको."

घराणं कळतच नव्हतं. दादाची पट्टी तयार होती. मीच वाचली, आईने लिहिली. ती तिन्ही शायांमध्ये कुठेच सापडेना.

त्या गुरुवारी दुपारी मी कागदांच्या खोलीत एकटी होते. आमची प्रयोगशाळा जुन्या क्षय-रुग्णालयाच्या इमारतीत आहे आणि ही खोली म्हणजे पूर्वीचा बायकांचा व्हरांडा, नंतर भिंत घालून बंद केलेला. एक टेबल, दोन लोखंडी कपाटं आणि कोपऱ्यात एक वेताची खुर्ची, जिच्यावर का कुणास ठाऊक, कुणीच बसत नाही. खिडकीच्या फटीत वारा येऊ नये म्हणून एक करडी लोकरीची गुंडाळी कोंबलेली होती. मला थंडी वाजत होती, म्हणून मी ती ओढून काढली.

मफलर निघाला. अर्धवट. वरच्या टोकाला सुया तशाच अडकवलेल्या आणि लोकरीचा एक लहानसा गुंडा.

मला विणता येतं, शाळेत शिकवलंय. मी सवयीने टाके मोजले. त्रेचाळीस. म्हटलं, असेल. पण वीण विचित्र होती. सुलट आणि उलट टाके कसेही पडलेले. नक्षी म्हणावी तर नक्षी नाही, चूक म्हणावी तर एक टाका सुटलेला नाही. उलट टाक्याचा उंचवटा बोटाला लागतो. मी त्यावरून बोट फिरवत गंमत म्हणून वाचायला लागले. उंचवटा म्हणजे आहे, सपाट म्हणजे नाही.

सातव्या-आठव्या टाक्याला माझा आवाज आपोआप खाली आला. ही ओळ मी त्याच सकाळी वाचली होती. लाल शाई, पान चार.

दुसरी ओळ निळ्यात सापडली. तिसरी हिरव्यात. मी तीस ओळी वाचल्या. सगळ्या डावीकडून उजवीकडे, सगळ्या वहीत. फक्त अगदी तळाची, सगळ्यात पहिली ओळ कुठेच नव्हती. एकूण ओळी एकशे बारा.

साफसफाईच्या मावशी चहा घेऊन आल्या. माझ्या मांडीवर मफलर बघून दारातच थांबल्या.

"कशाला काढलंस गं ते?"

"कुणाचं आहे, मावशी?"

"माझी आई इथे आया होती, तेव्हाचं." त्यांनी कप टेबलाच्या पार दाराकडच्या टोकाला ठेवला. "एक बाई होती म्हणे. त्या खुर्चीत बसायची. तिची भाषा कुणाला कळायची नाही. नवा पेशंट आला की त्याचा खोकला ऐकायची आणि एक ओळ विणायची. एका खोकल्याला एक ओळ."

"आणि मग?"

"मग काय मग. चहा पी, गार होतोय."

"मावशी, ती बरी झाली का?"

"कुणी म्हणतं घरी गेली. नेताना मात्र कुणी बघितली नाही." जाता जाता त्या म्हणाल्या, "जिथलं तिथे ठेव बाई."

मी शहाणी मुलगी आहे. विज्ञानात पहिली येते. या पट्ट्यांची पद्धत शोधून काढण्याच्या कितीतरी आधी तो मफलर विणला गेला होता, हे मला सरळ दिसत होतं, आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. मी तो घडी करून वेताच्या खुर्चीवर ठेवला आणि वही उघडून उगाच रेघा मारत बसले.

तेवढ्यात खिडकीबाहेर सज्जातल्या बाकावर दादा येऊन बसला. नवा नमुना द्यायला आला होता. तोंडावर मास्क.

"काय लाउडस्पीकर, आज वीज गेली का?"

"तू आधी नीट बस."

"बसलोय की. जिन्याने मला हरवलं आज, तीन-एक."

मी हसले. तोही हसला आणि हसता हसता त्याला खोकला आला. लांब, खालून येणारा. मी खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिले. कितीतरी वेळ तो खोकत होता. मग थांबला.

मग माझ्या पाठीमागे आवाज आला.

टिक. टिक. टिक.

सुईवर सुई आपटल्याचा.

मी वळले नाही. मनात मोजत राहिले. का, ते माहीत नाही, मोजण्याचीच सवय. त्रेचाळीसला आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. मफलर घडीतच होता.

मी ओळी मोजल्या. एकशे तेरा.

नवी ओळ बोटाला कोमट लागली.

मी ती वाचली. आधी हळू, मग मोठ्याने. वहीत निळ्या शाईत, पान सतरावर ती होती. म्हणजे दादाची नव्हे. दादाची पट्टी तर मला पाठ होती आणि ती अशी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, एवढं करून चुकलीस गं बाई.

मी सुंभासारखी ओळीकडे बघत राहिले. मग सहज उजवीकडून वाचून पाहिली.

आहे, नाही, नाही, आहे. टाक्याला टाका. दादाची पट्टी, शेवटापासून सुरुवातीपर्यंत.

वाचलेल्या सगळ्या ओळी सरळ. एकच उलटी. मग चूक लोकरीची, की आमची?

"आई!" मी अशी ओरडले की बाहेर दादा बाकावरून उठला.

आई हातमोजे काढत धावत आली. मी तिच्यासमोर दादाचं कार्ड धरलं आणि म्हटलं, मूळ फिल्म काढ. तिने खणातून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात कार्ड तिच्याशेजारी धरलं. एकदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायची गरज पडली नाही. कोपरा चुकीच्या टोकाला छाटला होता. पट्टी सुरुवातीपासूनच उलटी वाचली गेली होती. मी वाचली, तिने लिहिली, दोघींनी तपासली, आणि दोघींनी त्या एकाच कार्डावरून.

आई खाली बसली.

"नमुन्यावर नाव नसतं," ती म्हणाली. "पण नंबर माहीत होता ना मला. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला हवा होता. कात्री चालवताना समोरचं दिसतच नव्हतं गं."

मी तिला पाणी दिलं. मग पान सतरा उघडलं. निळ्या शाईत आईच्याच अक्षरात लिहिलं होतं: डोंगरापलीकडचं घराणं, नेहमीची दोन औषधं निकामी, बाकीची उत्तम लागू.

डॉक्टरबाईंनी डोंगरापलीकडच्या प्रयोगशाळेला फोन केला, पक्कं विचारलं आणि सोमवारी औषधं बदलली. अंधारात नाही, लख्ख उजेडात.

"तुला कसं सुचलं?" आईने त्या संध्याकाळी विचारलं. मी तिला मफलर दाखवला. तिने ओळी मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. खिडकीच्या फटीत जुनं फडकं कोंबलं आणि मफलर नीट वेताच्या खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या महिन्यात दादाचा ताप गेला. तिसऱ्यात तो माझ्या ताटातलं पळवायला लागला. सातव्या महिन्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, नमुने सलग स्वच्छ येताहेत, गोळ्या पूर्ण करायच्या आणि लाडात यायचं नाही. त्या दिवशी दादा जिना एका दमात चढला आणि वर जाऊन शिट्टी वाजवली. आई रडली आणि म्हणाली, डोळ्यांत काहीतरी गेलं. दोन्ही डोळ्यांत? असं विचारायचा मोह मी आवरला.

मी धावत कागदांच्या खोलीत गेले. तिला सांगायचं होतं. कुणाला, ते विचारू नका.

मफलरवर एकशे बारा ओळी होत्या. वरची ओळ उसवलेली. नवी लोकर सरळ असते, उसवलेलीला वळ्या पडतात. गुंड्यावर सगळ्यात वर तशी वळ्यावळ्यांची लोकर नीट गुंडाळलेली होती.

आता मी शनिवारी शाळा सुटल्यावर जाते. गेल्या महिन्यात ओळी एकशे अकरा झाल्या. मी वही पाहिली. गेलेल्या ओळीच्या घराण्याचा आमच्याकडे एकच रुग्ण होता, नदीपलीकडचा एक सुतार, आणि त्याच आठवड्यात तो बरा होऊन त्याचे उपचार संपले होते. परवा मोजल्या तर एकशे दहा. आईला सांगितलं तर म्हणाली, "चल, मग कामाला लाग. बऱ्याच बाकी आहेत."

विणलेलं वरूनच उसवावं लागतं. तळाची ओळ, तिन्ही शायांत नसलेली, ती विणली तेव्हा त्या खुर्चीत एकच माणूस असणार आणि खोलीत एकच खोकला. म्हणजे तिची स्वतःची ओळ सगळ्यात शेवटी उसवायची. तोवर ती कुठे जाणार?

म्हणून मी भराभर वाचते. आवाज जिन्याच्याही खाली जातो.

फक्त एक आहे. मी ठणठणीत आहे, माझी तपासणीही झालीय, साधी सर्दी नाही. तरी त्या खोलीच्या दाराशी आले की आतली टिकटिक थांबते, आणि मी आत पाऊल टाकेपर्यंत कुणीतरी माझा श्वास ऐकत असतं.