रद्द प्रवेशाच्या चार चौकटी

नर्सिंगच्या पहिल्याच तासाला शीला गोरेला वर्गाबाहेर काढलं गेलं. यादीत तिचं नाव नव्हतं. कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे तिनं आदल्या दुपारी स्वतःच प्रवेश रद्द करून घेतला होता. तिच्या बाकावर प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी बसली होती.

"काल दुपारी आम्ही बापलेक वेरूळला होतो, साहेब," तिचा बाप कडूबा कार्यालयात येऊन म्हणाला. पडेगावच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस. "नवस फेडाया गेलो अन् हितं नावच गेलं."

दुपारपर्यंत चौकशी अधिकारी रत्नमाला शेजूळ येऊन बसल्या. कार्यालयीन अधीक्षक रामप्रसाद यांनी चहा पुढं केला, सोबत निकालही.

"मेंढक्याची पोर, मॅडम. भ्याली असेल, आता पलटतेय. नाहीतर ही आमची क्लार्क अनवरी. प्रवेशाच्या नोंदी हीच करते. हिला घरी बसवा, विषय संपला."

अनवरी खाली मान घालून उभी होती. नोकरी गेली तर घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

रामप्रसाद पूर्वी टायपिंगचा क्लास चालवत. मिनिटाला साठ शब्द, नजर कागदावरून न हलवता, हे ते नमस्काराच्या आधी सांगत. अक्कल किती, हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

रत्नमालांनी दोन्ही मुलींचे अर्ज मागवले, खालच्या सह्यांपर्यंत वाचले. मग रद्द केल्याची नोंद उघडली. नाव, गाव, मोबाइल, कारण अशा एकाखाली एक चार चौकटी. गावाच्या चौकटीत दहा आकडे होते. मोबाइलच्या चौकटीत पडेगाव.

प्रोग्राम कॉम्प्युटरचे मास्तर शिवम यांनी बनवला होता.

"मोबाइलच्या जागी गाव आलं, तरी यानं घेतलं?"

"चौकटीत जे लिहिलं ते उचलायचं, एवढंच त्याला शिकवलंय, मॅडम."

"तुम्हालाही तेवढंच शिकवलेलं दिसतंय. पासवर्ड?"

"नाही ठेवला."

"काल दुपारी या खोलीत कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंच. आलटून पालटून जेवायला गेलो, मागं दर वेळी एकटाच."

त्या अनवरीकडे वळल्या. "बाकीच्या नोंदी?"

"एकशे बारा हैत, मॅडम. सगळ्या बराबर. मी एकेक चौकटीवर माऊसनं क्लिक करून लिहिते. पुढच्या चौकटीत न्यायचं टॅबचं बटण ह्याच्यात नीट चालत नाय. शिवम सरांना तीनदा बोलले."

"आणि तुम्ही, रामप्रसाद?"

"मी त्या खेळण्याला हातही लावत नाही. माऊस घासत बसणं अडाण्यांचं काम."

रत्नमालांनी एक खोटाच अर्ज लिहिला. केसरबाई कचरू, वेरूळ, खाली दहा आकडे. "तिघांनीही ही नोंद करा."

अनवरीनं माऊसनं केली. शिवमनंही, दोन बोटांनी. रामप्रसाद हसले. "मी?"

"जमत नसेल तर राहू द्या. वय झालं तुमचं."

एवढं पुरलं. त्यांनी बोटं मोडली, नजर कागदावर रोवली आणि कीबोर्ड खडखडवला. शेवटी सेव्ह करूनच मान वर केली.

गावाच्या चौकटीत दहा आकडे. मोबाइलच्या चौकटीत वेरूळ.

"शिवमनी मोबाइलची चौकट आधी बनवली," रत्नमाला म्हणाल्या. "गावाची नंतर बनवून वर सरकवली. पण टॅब बनवलेल्या क्रमानंच फिरतं. नावावरून आधी मोबाइलवर उडी, मग मागे गावावर. हे अनवरीला ठाऊक होतं, तिच्यामुळं शिवमला. दोघंही टॅबच्या वाटेला जात नाहीत. ठाऊक नव्हतं ते फक्त तुम्हाला, कारण या प्रोग्रामला हात लावायचा तुम्हाला कमीपणा वाटतो. काल एकदाच लावलात, शीलाचा अर्ज शेजारी ठेवून. स्क्रीनकडे बघणं तुमच्या इभ्रतीत बसत नाही."

"मी कशाला करीन?"

"शीलाच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या अर्जावर पालक म्हणून मामाची सही आहे. तुमची."

रामप्रसादांची नजर आता कुठं स्क्रीनवर गेली.

अनवरीनं शीलाचा प्रवेश पुन्हा नोंदवला, एकेक चौकट क्लिक करत, सावकाश. कडूबा दारातूनच बोलला, "पोरी, चप्पल काढ अन् वर्गात जा."

"जबाब द्या," रत्नमाला म्हणाल्या. रामप्रसादांचे हात सवयीनं कीबोर्डकडे गेले. रत्नमालांनी त्यांच्यापुढं कागद आणि पेन सरकवलं.

"हातानं लिहा. आणि बघून लिहा."