खोडलेला हात

२एच

रबर यायच्या आधी चित्रकार शिळ्या पावाच्या गरानं पेन्सिल खोडत. करडी गावच्या शाळेत हे शिकवण्याआधी चित्रकलेची अंजू मॅडम घरीच करून बघत होती. अंगणातून दिसणारा तलाव, त्याची पाळ, पाळीवर उंचीच्या मापासाठी उभा काढलेला तिचा नवरा खुशाल. त्याच्या उजव्या हाताचा पंजा जमला नाही. गराचा गोळा फिरवून तिनं तो मनगटापर्यंत पुसला. काळा चुरा खाली पडला.

तिनं तो केरात लोटला तर सासू, गोदावरीबाई, वेचायला बसली.

"अन्न हाये पोरी. कचऱ्यात काहून टाकून राहिली?"

चुरा कोंबड्यांपुढे गेला. पांढरी तुटून पडली. आड आलेल्या दुसरीचा तिनं डोळा फोडला.

एचबी

दुपारी दीर सचिन धावत आला. शर्ट रक्तानं अंगाला चिकटलेला.

"वैनी, दादाचा हात गेला. मनगटातून."

"थ्रेशरमध्ये?"

"थ्रेशर बंद होता. दादा पाळीवर उभा होता नुसता. हात सापडून नाही राहिला. अन् जखमेले बारीक भोकं हायेत. चोचीनं केल्यावानी."

जीप खुशालला घेऊन भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघाली. अंजू बसली नाही. तिला आधी वही उघडायची होती. हात परत काढायचा होता.

६बी

शिसं धरेना. घरात दुधाचा, तुपकट पाव होता, तिनं तोच वापरला होता. पुसलेल्या जागी कागद तेल प्यायला होता. साधा पाव लागतो, हे तिला ठाऊक होतं.

सगळ्यात मऊ, ६बी पेन्सिल तिनं दाबली. मनगटातून तीन रेघा उमटल्या. आखूड, टोकाशी नखीसारख्या वाकलेल्या.

चौथी येईना.

तिनं आणखी दाबलं. टोक मोडलं.

बाहेर कोंबडी ओरडली. ओरडणं अर्ध्यात तुटलं.

"पांढरी कापली," गोदावरीबाई म्हणाली. "पोराचं रक्त लय गेलं. रस्सा पाठवू."

संध्याकाळी सचिन डबा घेऊन गेला. मग अंजूला मोरीत चिरलेली पथरी दिसली. कोंबडीच्या पथरीत, दाणे दळणाऱ्या त्या पिशवीत, खडे निघतात.

खड्यांत नखं होती.

माणसाची. पाच.

तिनं सचिनला फोन लावला.

"डबा देऊ नका त्यांना."

"जेवून राहिला वैनी."

"कोण भरवतंय?"

"कोणी नाही. पट्टी त्यानंच सोडली. उजव्या हातानं खाऊन राहिला. तीनच बोटं हायेत."

मागं स्टीलच्या ताटावर आवाज येत होता.

टक्. टक्. टक्.