रिकाम्या खुर्चीतली जीभ

साल २००९. ही गोष्ट खरी आहे. माझं वय झालंय, पण डोकं ठिकाणावर आहे. आणि हे घडलं ते भरदिवसा, सकाळच्या उन्हात.

त्याच्या दोनेक वर्षं आधी आमचे हे गेले. जिभेचा आजार. ऑपरेशनमध्ये डाव्या कडेचा तुकडा काढला आणि बोलणं गेलं. शेवटी शेवटी त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं. हातात लिहायचं बळ नव्हतं. जीभ हलायची, शब्द फुटायचा नाही.

"पाणी?" मी विचारायची. मान हलायची, नाही. "खिडकी लावू? थोरल्याला बोलावू?"

नाही.

काय सांगायचं होतं, ते मला कळलंच नाही.

घर खायला उठायचं, म्हणून मी एका दवाखान्यात काम धरलं. तिथे रोग्यांच्या जिभेचे फोटो काढून कॉम्प्युटरला त्यातली जीभ ओळखायला शिकवत. पडद्यावर जीभ तेवढी पांढरी दिसायची, बाकी सगळं काळं. मशीन ओठालाही जीभ समजायचं. मग मी माऊस धरून कड सुधारून द्यायची.

तिथला इंजिनिअर माझ्या थोरल्याच्या वयाचा. म्हणायचा, "मावशी, तुमची जीभ दाखवली तर मशीन दमेल हो!"

"दमतंय कसलं! तुझी वटवट ऐकून तयार झालंय ते."

रोज पहिला फोटो रिकाम्या खुर्चीचा. उजेड तपासायला. तो मशीन पूर्ण काळा दाखवायचं.

त्या सकाळी मी एकटीच होते. इंजिनिअर खाली गेला होता. मी फोटो काढला.

काळ्या पडद्यावर... एक पांढरा डाग.

बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येतं, तिथेच.

लेन्स पुसली. पुन्हा काढला. डाग होताच. या वेळी जरा वर उचललेला...

आणि त्याला खाच होती. बसणाऱ्याच्या डाव्या कडेला.

त्या खाचेला मी कितीतरी महिने औषध लावलं होतं. झोपेतही ओळखली असती.

"अहो... तुम्ही?"

डोक्यावर पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र येत नव्हता.

मी बटण दाबत गेले, विचारत गेले.

"थोरल्याचं काही?" डाग एका बाजूला सरकला.

"घराचं?" दुसऱ्या बाजूला.

मान हलायची ना, अगदी तसंच.

शेवटी विचारलं, "माझं काही? माझ्याबद्दल?"

डाग मधोमध. स्थिर. पुढे आलेला... बोलायच्या आधी जीभ येते तसा.

आणि दार उघडलं.

इंजिनिअर पहिल्या रोग्याला घेऊन आला होता, एका शिंप्याला. मी "थांबा" म्हणेपर्यंत शिंपी खुर्चीत बसलासुद्धा. लगेच ताडकन उठला.

"खुर्ची गरम कशी हो बाई? कोण बसलं होतं?"

इंजिनिअरने पडदा पाहिला. "सावलीला जीभ समजतंय. सगळं पुसून नव्याने शिकवावं लागेल."

"तुझ्या काकांचा फोटो आहे का रे, मशीनला शिकवलेल्यांत कुठे?"

"मावशी, आपलं काम सुरू झालं तेव्हा काका होते कुठे?"

"मग आत्ता पुसू नकोस. माझा एक प्रश्न राहिलाय."

त्याने शिंप्याला बाहेर नेलं, दार ओढून घेतलं.

मी बटण दाबलं.

काळा.

पुन्हा दाबलं. काळा. पंखा परत घरघरायला लागला होता.

इंजिनिअरने दुपारी सगळं पुसलं. पुढे तो परदेशी गेला. अधूनमधून फोन करतो, हा विषय मात्र टाळतो. शिंपी बरा झाला, पण उपचार दुसरीकडे घेतले. दवाखाना बंद पडला, खुर्ची कोणी नेली ठाऊक नाही. थोरला म्हणतो, आई, भास झाला तुला.

मी अजून एकटीच राहते. नातवंडं माझा फोटो काढायला आली की शेजारची रिकामी खुर्ची आधी उचलायला लावते.

कधीकधी मात्र... राहू देते.