ज्याची कथा, त्याचा पाट

हे सिद्धरामेश्वरा, कथेच्या आधी तू असतोस आणि कथा सरल्यावर जे उरते तेही तूच. बोलणाऱ्याच्या जिभेवर बस, ऐकणाऱ्याच्या कानाशी उभा राहा. आणि या दोघांच्या मधल्या अंधारात जे कोणी बसले असेल, त्याच्यावरही तुझी कृपादृष्टी असू दे. तुला वंदन करून मगच ही हकीकत सांगतो.

या, दिव्याजवळ सरका. वारा आहे, वात जरा वर करतो.

गेल्या वैशाखातली गोष्ट. मुलगा आणि सून अक्कलकोटला दर्शनाला गेली होती. घरात मी आणि माझी नात, अंकिता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला नव्याने काय सांगू! नळाला पाणी येऊन कैक दिवस झाले होते. अंगणातली पिंपे तळाला लागली होती आणि स्वयंपाकघरात एक घागर तेवढी झाकून ठेवलेली. हे पाण्याचे मुद्दाम सांगतो आहे. ध्यानात असू द्या.

अंकिता कॉलेजात शिकते. अभ्यासाच्या वह्यांआड दडून तिने एक कादंबरी लिहिली होती, तिच्याच वयाच्या मुलामुलींसाठी. कथा मोठी काळोखी. तळ्याच्या तळाशी बुडालेले एक गाव. तिथे कुणालाच नाव नाही. चंद्री नावाची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ चुकून तिथे जाऊन पोचतात. वेशीवरची राखणदारीण म्हणते, परत वर जायचे तर एक नाव इथे ठेवून जा. चंद्री स्वतःचे नाव ठेवत नाही. भावाचे ठेवते आणि वर येते. पुढे पश्चात्तापाने पोळून ती त्याला सोडवायला पुन्हा पाण्यात उतरते. मी पोथ्यांत वाढलेला माणूस. हे ऐकून आधी दचकलो. मग वाटले, पोरीच्या लेखणीला बळ आहे.

त्या दुपारी तिची मैत्रीण कौसर आणि कौसरचा जुळा भाऊ ताबीश घरी आले होते. दोघांनी शेवटचे प्रकरण सोडून सारी कादंबरी मोबाइलवर वाचली होती. दुसऱ्या दिवशी ती कादंबरी पुण्याच्या प्रकाशकाकडे जायची होती, आणि त्याआधी अंकिताला पहिल्या वाचकांचे मत हवे होते.

"मला तर पयल्या पानालाच राग आला बघ," ताबीश म्हणाला. "सख्ख्या भावाचं नाव इकती? का तर घरी जायचंय! ही कौसर वाचून काय म्हणली म्हायतेय? म्हणली, लई भारी आयडिया हाय!"

"तुझं नाव कोण घेणार हाय रे?" कौसर म्हणाली. "एका कुल्फीला बी जायचं न्हाय. पण अंकिता, खरं सांगते, ती राखणदारीण वाचून मी रात्री आंघोळीच्या बादलीवर ताट झाकून झोपले. पाणी नको वाटायलं बघायला."

अंकिताचा चेहरा उजळला. घाबरलेला वाचक म्हणजे तिला पावलेला देव!

"शेवटाला तुमची तोंडं बघायची हायेत मला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केले. "म्हणून अज्जा वाचणार. मी नुसती बघत बसणार."

आता माझी सवय सांगतो. गल्लीतल्या मठात मी आयुष्यभर पोथी वाचत आलो. आमच्याकडे वाचणाऱ्याच्या समोर एक रिकामा पाट मांडतात. त्यावर अक्षता टाकायच्या, विडा ठेवायचा, आणि हात जोडून म्हणायचे: 'ज्याची ही कथा, त्याने यावे, बसावे, ऐकावे.' कथा देवाची, म्हणून पहिली बैठक देवाची. वाचन संपले की म्हणायचे: 'ऐकून तृप्त व्हावे, स्वस्थानी जावे.' आणि पाट उचलायचा. हा विधी माझ्या हातांत इतका मुरला आहे की कागद हाती येताच मी पाट मांडून मोकळा झालो.

"अज्जा, पोथी न्हाय ती!" अंकिता हसली.

"अक्षर हाय न्हवं? मग पाट मांडायचाच," मी म्हणालो, आणि ते आवाहनाचे शब्द उच्चारले. ही कथा कुणाची आहे, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही.

वाचायला बसलो आणि बाहेर वावटळ सुटली. आभाळ आधी तांबूस झाले, मग काळवंडले. भर दुपारी घरात दिवेलागण झाल्यासारखे झाले. पंखा घरघरत थांबला, वीज गेली. दारे-खिडक्या लावून मी समई पेटवली आणि तिच्या उजेडात वाचू लागलो.

चंद्री तळ्यात उतरली. पायरीमागून पायरी. आमच्यात पोथी ऐकताना श्रोत्याने हुंकार द्यायचा असतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळते की कथा पोचते आहे. कौसर मन लावून "हं" म्हणत होती.

"आमच्या मुशायऱ्यात 'वाहवा' म्हणतेत, तुमच्यात 'हं' म्हणतेत," ताबीश कुजबुजला आणि तोही "हं" म्हणू लागला.

दोन हुंकार. पुढे पुढे मला तिसरा ऐकू येऊ लागला.

तो जरा उशिरा यायचा. बारीक, कोवळा, आणि जमिनीलगतून आल्यासारखा. मला वाटले, अंकिता असेल. नजर वर केली. ती माझ्या डाव्या हाताला ओठ मिटून बसली होती. हुंकार समोरून येत होता.

मग वास आला. शेवाळाचा, गाळाचा, वर्षानुवर्षे न हललेल्या पाण्याचा. ज्या घरात प्यायला एक घागर उरली होती, त्या घरात कुठेतरी थेंब पडत होता. टप्... टप्... समईची ज्योत पाटाकडे झुकली होती, आणि दारे-खिडक्या तर बंद होत्या.

पोथी मध्ये सोडू नये असा नेम आहे. मी वाचत राहिलो. शेवटच्या पानावर चंद्री भावाजवळ पोचते, पण त्याला हाक मारायला तिच्याकडे नावच नाही. ती एकटी वर येते. शेवटच्या पायरीवर उभी राहून पाण्याकडे पाहते. कथा संपते.

मग कौसरने डोळे पुसले आणि म्हणाली, "लई वंगाळ शेवट हाय गं... लई चांगला हाय. ए ताबीश, सांग की हिला. हिला... अगं ए..." ती थांबली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. "तुझं... तुझं नाव काय गं?"

ताबीश हसायला गेला. "येडी झालीस काय? ही आपली..." आणि त्याचेही हसू अर्ध्यावरच विझले.

मी नातीकडे पाहिले. बारशाच्या दिवशी हिला माझ्याच मांडीवर ठेवले होते. नाव मीच सुचवले होते. मी ते शोधू लागलो, आणि जिथे ते असायचे तिथे नुसते थंड, काळे पाणी होते. म्हटले, वय झाले. पण ही पोरे तर कोवळी होती...

"अज्जा," तिने माझा हात धरला. "हाक मारा की मला. एकदा हाक मारा."

मला हाक मारता आली नाही.

मी घाईघाईने समाप्तीचे शब्द उच्चारले: "ऐकून तृप्त व्हावे, स्वस्थानी..." आणि पाटाला हात घातला. पाट हलला नाही. मूल बसलेल्या पाटासारखा तो जड होता, आणि माझी बोटे ओली झाली. तेव्हा मला उमगले, मी कुणाला बोलावले होते. ज्याची ही कथा, तो येऊन बसला होता. आणि त्याचे स्वस्थान? तळ्याचा तळ! कुठे पाठवत होतो मी त्याला?

"अज्जा..." नात पाटाकडे एकटक पाहत होती. तिला काय दिसत होते, हे मी कधी विचारले नाही. "मी पयल्या पानापासून त्याला नुसतं 'भाऊ' म्हणलंय. नाव इकलं असं लिवलं, पण ते नाव काय हुतं, हे मी ठरवलंच न्हाय. त्याला नाव नव्हतंच अज्जा. म्हणून त्यो माझं घ्यायलाय."

"मग दे की त्याला," मी म्हणालो. "बाळाला देतात तसं दे."

ती पाटाजवळ गुडघ्यांवर बसली. मूल बसल्यावर कान जिथे येईल, तिथवर वाकली. आत्या बारशाला करते तसा ओठांनी "कुर्रर्र" असा आवाज केला, आणि काहीतरी कुजबुजली. मी हातभर अंतरावर होतो. मला ऐकू आले नाही. जुळ्यांनाही नाही.

थेंब पडायचा थांबला. मग, अगदी सावकाश, "हं" असा हुंकार आला. झोप येऊ लागलेले लेकरू गोष्टीच्या शेवटी देते, तसा.

मी हात जोडले. जन्मात प्रथमच समाप्तीचे शब्द बदलले: "जिथे तुझी वाट पाहणारे कुणी असेल, तिथे जा बाळा." पाट अलगद उचलला गेला. "अंकिता," मी म्हणालो, "समई सांभाळ गं, पदर... ओढणी लागेल." आणि ते नाव माझ्याच तोंडून ऐकून मला रडू फुटले. कौसर तर तिच्या गळ्यात पडून "अंकिता, अंकिता" असा जपच करू लागली.

जाताना ताबीशने दारात विचारले, "आता शेवट बदलणार काय?"

"न्हाय," अंकिता म्हणाली. "पुस्तकात त्याला नाव न्हाय, तसंच ऱ्हाऊ दे. नाव त्याचं त्याला दिलंय."

पुस्तक दिवाळीत आले. आता संध्याकाळी दिवा लागला की अंकिता वाचकांनी कळवलेली मते मला मोबाइलवरून वाचून दाखवते. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मुलाने लिहिले, पाळीवर जाताना बसमध्ये वाचायला घेतले आणि उतरायचे विसरलो. कुणी बाई रागे भरल्या की मुलांसाठी इतके काळोखे का लिहिता. पोर हसते, खट्टू होते, पुन्हा वाचते. तिचे ते तोंड पाहण्यात माझी सायंपूजा लांबते, आणि देव त्याबद्दल रागावत नसावा.

परवा कुर्डुवाडीहून वैजयंती नावाच्या बाईंचा निरोप आला. अंकिता मोठ्याने वाचत होती: "माझ्या लहान मुलाला मी हे पुस्तक वाचून दाखवलं. शेवटी ती बहीण पायरीवर उभी राहून 'सयाजी' अशी हाक मारते ना, तिथं मला हुंदका आवरेना. मुलगा मात्र हसला. दाराकडे बघून म्हणाला, 'आई, आला त्यो.'"

अंकिताने मोबाइल पालथा ठेवला.

पुस्तकात अशी हाक नाही. मी शेवटचे पान पुन्हा काढून पाहिले. बहीण पायरीवर उभी राहते, पाण्याकडे पाहते, एवढेच आहे.

"तू त्याच्या कानात सांगितलंस," मी हळूच विचारले, "ते हेच का?"

तिने मान हलवली. होय.

असो. सिद्धरामेश्वर तुम्हा सर्वांचे कल्याण करो. तुमच्या घरी घागर भरलेली असो, दिवा तेवता असो. घरातल्या प्रत्येकाला प्रेमाने हाक मारणारे कुणी असो, आणि प्रत्येक हाकेला ओ मिळो. आणि तुमच्या शेजारी जी थोडी जागा तुम्ही मघापासून नकळत सोडून बसला आहात, तिथे जे लेकरू ऐकत बसले असेल, त्याचेही मंगल होवो.