आत्याची वाढणारी टिकली

तृप्तीआत्याची टिकली वाढत होती. खरंच! आधी मसुराएवढी, मग वाटाण्याएवढी आणि दिवाळीत थेट रुपयाएवढी. टिकली काय रोप आहे वाढायला?

आत्या गावाबाहेरच्या सौरशेतात दिवसभर उन्हात पॅनेल दुरुस्त करते. दिवाळीनंतर एकदा आरोग्य केंद्राचा यंत्रमानव निरखू त्वचा तपासायला घरी आला. आत्याच्या हनुवटीवरच्या काळ्याकुट्ट तिळाची मला भीती वाटायची. निरखू म्हणाला, "तीळ साधा आहे. चेहरा ठीक."

मी हात धुवायला न्हाणीघरात गेले. आरशावर आत्याच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. सर्वांत मोठी काढून पाहिली, तर मागे रक्त! मी ती घेऊन धावतच बाहेर आले.

"अगं निहिरा, टिकलीच्या गोंदाने कपाळावर चट्टा आलाय," आत्या म्हणाली. "झाकायला मोठी लावते."

"खाजतो?" मी विचारलं.

"नाही गं. दुखतही नाही. खपली धरते, पडते, परत रक्त येतं."

निरखूचा दिवा लुकलुकला. "चुकलंच माझं! टिकली म्हणजे दागिना, तिच्याखाली बघायचं नाही, असं मला शिकवलंय. ताई, काढता का?"

आत्याने कपाळावर हात ठेवला. "नको रे, मोकळं कपाळ बरं नाही दिसत."

मला रडूच फुटलं. "काढ ना गं!"

तिने काढली. खाली एक छोटा फोड होता, मोत्यासारख्या चकचकीत कडेचा.

"हा कर्करोग असू शकतो," निरखू म्हणाला.

मी पार गोंधळले. एवढा काळाकुट्ट तीळ साधा, आणि न दुखणारा फोड वाईट?

"तीळ ताईंच्या भिंतीवरच्या कॉलेजच्या फोटोतही असाच आहे. फोड मात्र टिकल्यांबरोबर वाढलाय. गोंदाचा चट्टा खाजतो, टिकली सोडली की सहसा जातो. हा बरा होतच नाहीये. अतिनील किरण (उन्हातले न दिसणारे किरण) त्वचेच्या पेशींना इजा करतात. मग काही पेशी बेशिस्त वाढत सुटतात. पण नक्की काय ते बायोप्सीच (छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) सांगेल."

बायोप्सीत कर्करोगच निघाला. पण तो पसरला नव्हता. डॉक्टरांनी सगळा काढून टाकला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पुढे गावातल्या तपासणी शिबिरात निरखूने प्रत्येकीला टिकली काढायला सांगितलं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग रुंद टोपी घातलेली आत्या पुढे झाली. टोपी उतरवून तिने मसुराएवढी टिकली काढली आणि कपाळावरचा बारीक व्रण सगळ्यांना दाखवला.

मागच्या रांगेत एकेक हात कपाळाकडे गेला.