मांडीवरची गाठ

हेंड्रिक हा बेल्जियमचा निवृत्त दातांचा डॉक्टर. दरवर्षी बेटावरच्या मास या लाकडी मूर्ती कोरणाऱ्यांच्या गावात यायचा आणि मूर्तिकार न्योमान रुंदाहच्या ओसरीवरची प्रत्येक मूर्ती आधी उलटी करायचा. तळाला रुंदाहच्या सहीच्या नेहमीच्या तीन खाचा दिसल्या, की मग चेहरा बघायचा.

"मिस्टर, बायकोही अशीच पारखून घेतली होती का?" रुंदाह विचारायचा आणि दोघं पोट धरून हसायचे.

त्या वर्षी हेंड्रिकला वेड लावलं फणसाच्या लाकडातल्या एका बाईनं. पाय दुमडून, पुढे वाकून बसलेली. मांडीवर लाकडाचीच एक गाठ. रुंदाहनं ती मुद्दाम तशीच राखली होती. खाचा बघून झाल्यावर हेंड्रिकनं गाठीला पट्टी लावली आणि वहीत लिहिलं, नऊ सेंटिमीटर.

"ही कोणती देवी? पुढ्यात ताजी फुलं आहेत."

"देवी कसली!" रुंदाह दचकला. "सासिह, अगं, हिला फुलं कोण वाहतं?"

"मीच. सात महिने झाले," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही पुरोहिताकडून प्राण घालून आणलीत ना?"

"छे गं! रिकामी आहे ती!"

रिकाम्या मूर्तीला रोज बोलावलं, तर कोण येऊन बसेल त्याचा नेम नाही. मूर्ती त्याच दिवशी मिस्टरच्या गळ्यात मारायला रुंदाह तयार होता. पण सासिह आडवी आली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता.

"मी तिच्याकडे मूल मागितलंय. मिळेपर्यंत ती कुठं जायची नाही."

दोन महिन्यांत सासिहला उलट्या सुरू झाल्या. रुंदाह भीती विसरून गावभर नाचत सुटला.

पुढच्या खेपेला हेंड्रिक आला तो नेमका मुलीच्या एकशे पाचाव्या दिवशी. तोवर बाळाचे पाय जमिनीला लावायचे नसतात. ते आज लावायचे होते. अंगण पाहुण्यांनी फुललं होतं.

"कोणता पूर्वज आलाय पोटी?" हेंड्रिकनं विचारलं. इतक्या वर्षांत त्याला इथल्या रीती पाठ झाल्या होत्या.

"अंगात येणाऱ्या बाईला विचारलं," सासिह हसत म्हणाली. "म्हणाली, घरातलं कुणी नाही. पण जे आलंय ते फार खुशीत आहे. आता मूर्ती खुशाल न्या, मिस्टर."

हेंड्रिकनं हौसेनं पट्टी काढली.

गाठ नव्हती. तिथं गुळगुळीत खळगा होता.

त्यानं मूर्ती उलटी केली. तळ कोरा.

"खाचा विसरलो असेन," रुंदाह पुटपुटला. तो कधीच विसरत नसे.

अंगणातून हाक आली. रुंदाहनं लेकीला उचललं. ती खिदळत होती. जमिनीला टेकवण्याआधी त्यानं तिच्या पायावरचा लाकडाचा भुसा झटकला.

डाव्या तळव्यावर तीन खाचा होत्या.

हेंड्रिकनंही पाहिल्या. त्यानं वही मिटली.

रुंदाहनं लेकीचा मुका घेतला आणि पाय अलगद मातीवर ठेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळूला ताज्या तासलेल्या फणसाच्या लाकडाचा वास येत होता.